वर्दीतला फोटो

केंदूरच्या हौसराव आबांना घराण्याबद्दल कुणी विचारू नये, कारण मग ते सांगतात. वडील पलटणीत होते, आबा स्वतः सुभेदार होऊन परतले, मग सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन. थोरला सत्यजीत हवालदार, काश्मिरात. धाकटा इंद्रजीत यंदा पंचायत समितीला उभा. ऐकणाऱ्याचा चहा गार होतो, आबा थांबत नाहीत.

ह्या सगळ्यात थोरल्या सुनेचं, अनिताचं नाव चुकूनसुद्धा येत नाही. वरवंडची लेक ती. नवरा सीमेवर, आणि शेण-धारा, उसाचं पाणी, सासूचं दुखणं सगळं हिच्या गळ्यात. मुकाट्यानं करत होती म्हणाल तर अजिबात नाही. भांडी आपटूनच करायची. पण नवरा आता नायब सुभेदार होणार, क्वार्टर मिळणार आणि आपण ह्या घरातून एकदाच्या सुटणार, ह्या आशेवर बाई तग धरून होती.

अन् तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तिला तो फ्लेक्स दिसला. खाली हात जोडून इंद्रजीत, वर वर्दीतला सत्यजीत! बाजार अर्धा टाकून ती तरातरा घरी आली.

"भाऊजी, वर्दीतला फोटो मतासाठी लावत्यात व्हय? फौजेत चालत न्हाई त्ये. त्यांची बढती घालवता का?"

"वहिनी, घराण्याचा वारसा हाय त्यो. तुमच्या माहेरचं काय जातंय?"

आबा ओसरीवरून खेकसले, "फौजेतलं मला शिकवतीस? चुलीकडं बघ."

फ्लेक्स काही उतरला नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. विरोधकांनी त्या फ्लेक्सचा फोटो काढून थेट पलटणीला तक्रार ठोकली. बढती अडकली, चौकशी लागली. तेव्हा कुठं आबांच्या मिशा खाली आल्या.

सत्यजीतचा फोन आला. आबांनी तो अनिताच्या हातात दिला.

"अनिता," सत्यजीत म्हणाला, "आता चौकशीचे साहेब तुला फोन करत्याल. त्यांना सांग, 'फोटो मीच दिला, ह्यांना ठाऊक न्हवतं.' बाईमाणूस म्हणून सोडून देत्याल."

"सांगते की. तुमच्यासाठी एवढं खोटं बोलीन मी. पर भाऊजींना फोटो दिला कुणी?"

सत्यजीतनं आवाज खाली आणला. "मीच धाडला. पेन्शनीत आलो की पुढची उमेदवारी माझी, आबांनी शब्द दिलाय. तवर तोंड लोकांच्या डोळ्यापुढं ऱ्हायला नको?"

"आन् मला क्वार्टरला न्यायचं?"

"तू तिकडं आलीस तर आई-आबांचं कोण बघायचं? डोकं हाय का तुला?"

इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर काढली तोही ह्यांच्यातलाच निघाला! रडावंसं वाटलं, पण ह्या लोकांसमोर? छे.

लगेच साहेबांचा फोन आला. आबांनी डोळे वटारले, इंद्रजीतनं हात जोडले, अगदी फ्लेक्सवरच्यासारखे.

"साहेब," अनिता म्हणाली, "फोटो इन्होंने खुद भेजा. मैं तो झगडा किया, निकालो बोली. किसीने नहीं सुना."

फोन बंद झाला तसे आबा अंगावर धावून आले. "अवदसे! घर बुडवलंस माझं!"

"तुमचंच हाय घर, आबा. मी नुसती राबायला होते." तिनं खुंटीवरची पिशवी काढली. "मी वरवंडला चालले. राबायला दुसरी बघा."