साडूभाऊंच्या गाडीचा श्वास

स्वतःच्या गाडीच्या श्वासाची आमच्या साडूभाऊंइतकी काळजी करणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर आजवर झाला नाही आणि, देव करो, पुन्हा न होवो. एक आहे तेवढा आम्हा सर्व नातेवाइकांना पुरून उरला आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या अलीकडे त्यांची केळीची बाग आहे, दोन मुलगे हाताशी आलेले आहेत, घरात कशाला कमी नाही. अशा सुखी माणसाने एक दिवस सुरतेहून एक जुनी, लालभडक, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी टर्बोवाली गाडी आणली आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्याला कायमचा ताप झाला.

ही गाडी म्हणे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शंभराचा वेग गाठते. गाठत असेल. शहाद्याच्या रस्त्यावर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांमागे ती कायम बैलगाडीच्या चालीनेच धावताना मी पाहिली आहे. गतिरोधक आला की साडूभाऊ सगळ्यांना खाली उतरवत, रिकामी गाडी तिरकी करून पलीकडे नेत आणि मग पुन्हा बसवून घेत. आमच्या सासूबाई एकदा लोणखेड्याहून शहाद्याला आमच्याकडे त्यांच्या गाडीतून आल्या. घरात पाऊल टाकताच म्हणाल्या, "गाडीमा बठानी नुसती हौस व्हयनी. निम्मा रस्ता मी पायीच उनू!"

पण वेग हा त्यांचा मुख्य विषय नव्हताच. मुख्य विषय होता तेल. मी कॉलेजात मराठी शिकवतो, पण त्यांच्या कृपेने हे प्रकरण आता झोपेतही समजावून सांगू शकेन. इंजिनात जो भडका उडतो, त्यातला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली तेलाच्या भागात झिरपतो. तो तिथून निघताना तेलाची वाफ बरोबर घेऊन निघतो. ती वाफ बाहेरच्या हवेत जाऊ नये म्हणून कंपनी तिला एका नळीने पुन्हा गाडी हवा ओढते त्या वाटेवर आणून सोडते. म्हणजे गाडी स्वतःचंच तेल श्वासाबरोबर आत घेते आणि आत काजळी धरते. साडूभाऊंनी एकदा ती हवेची नळी काढून आत बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. ते काळं बोट तसंच उभं धरून ते आमच्या घरी आले आणि गहिवरल्या आवाजात म्हणाले, "सर, देखा! मन्ही गाडी तेल पी ऱ्हायनी!"

यावर उपाय म्हणजे त्या नळीच्या मध्ये एक डबा बसवायचा. वाफ डब्यात शिरावी, तेल तळाशी बसावं आणि उरलेली हवा पुढे जावी. असे डबे तयार मिळतात. पण तयार डबा आणतील तर ते साडूभाऊ कसले! त्यांनी ताईंचा तुपाचा स्टीलचा डबा घेतला, त्याला दोन भोकं पाडली आणि वाफ अडावी म्हणून आत तारेच्या घासण्या कोंबल्या. ताईंनी आठवडाभर कढया राखेने घासल्या आणि नवऱ्याशी बोलणं बंद ठेवलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डब्यात साचलेलं काळपट तेल एका काचेच्या बाटलीत भरून ते गावभर दाखवत फिरत होते. भावकीतल्या एका दशक्रियेला घाटावर त्यांनी ती बाटली काढली, तेव्हा एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी काढा समजून तळहात पुढे केला. मी झडप घालून तो हात मागे ओढला नसता तर पुढची दशक्रिया कुणाची, हे सांगायला नको.

इथवर मी सगळं सोसलं. पण माझ्या मुलीच्या, हर्षालीच्या, साखरपुड्याला त्यांनी कहर केला. कार्यक्रम नंदुरबारला होता. होणारे व्याही वेळेचे फार कडक. आम्ही मंडळी जीपने पुढे गेलो. हर्षालीला मात्र मावसांच्याच, म्हणजे साडूभाऊंच्याच, लाल गाडीतून यायचं होतं. नको म्हणालो, कुणी ऐकलं नाही. हॉलवर मुहूर्त जवळ आला, भटजी घड्याळ पाहू लागले आणि माझा फोन वाजला.

"सर, पोर सुखरूप शे," साडूभाऊ म्हणाले. "गाडीबी सुखरूप शे. फक्त थोडा धूर निंघी ऱ्हायना."

झालं होतं असं. डब्याला लावायची तेलाला टिकणारी रबरी नळी सुरतेहून वेळेवर आली नव्हती, म्हणून त्यांनी बागेतली ठिबकची नळी जोडली होती. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडून वळणावर दबली. आतल्या वाफेला वाट राहिली नाही. तिने तेल मोजायची पट्टीच वर उडवली आणि तेल तापल्या सायलेन्सरवर सांडलं.

मुहूर्त टळून गेल्यावर केळीचा एक टेम्पो हॉलसमोर थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी ताई आणि हर्षाली. मागे केळीच्या घडांमध्ये साडूभाऊ, कडेवर मूल घ्यावं तसा तो डबा घेऊन. व्याही दारातच उभे होते. साडूभाऊंनी तोंड उघडलं, पण त्याआधी हर्षाली पुढे झाली.

"धूर दिसताच मावसांनी गाडी थांबवली, आधी आम्हाला उतरवलं, टेम्पो मिळवला," ती व्याह्यांना म्हणाली. "तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा."

व्याह्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "अंगावर काही उडालं नाही ना, बेटा? चला, भटजी, घ्या करून."

साखरपुडा झाला. मी मात्र साडूभाऊंना हॉलच्या मागे गाठलं आणि नको नको ते बोललो. यापुढे माझी मुलगी तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही, असंही बजावलं. एरवी एका वाक्याला दहा उत्तरं देणारा हा माणूस तो डबा काखोटीला मारून रस्त्याकडे चालू लागला. त्यानंतर लग्नापर्यंत ते आमच्या घरी फिरकले नाहीत. लग्नात पंगतीच्या कडेला वाढत राहिले, माझ्यासमोर आले नाहीत.

लग्नानंतर हर्षाली आणि जावई बडोद्याला निघाले. नंदुरबारहून दुपारची रेल्वे होती. हर्षालीनेच परस्पर साडूभाऊंना बोलावलं होतं. मी पुढच्या सीटवर बसलो. डब्याची नळी आता सुरतेची होती. गाडी कुठे कुरकुरली नाही. स्टेशनवर पोरगी आधी माझ्या पाया पडली, मग त्यांच्या. रेल्वे सुटली.

परतताना आम्ही दोघेच. प्रकाशाच्या पुलाआधी साडूभाऊंनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं आणि त्याच्याआड उभे राहिले. खूप वेळ झाला तरी आत काही खुडबुड ऐकू येईना. मी उतरून शेजारी गेलो. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता. डोळे पुसत होते.

"पोर दर रईवारले फोन करे," ते म्हणाले. "इचारे, मावसा, आज कितलं तेल निंघनं? मी सांगू, ती ऐके. तिनी तुमले कधी सांगं नही."

मला हे खरंच माहीत नव्हतं.

"आते करी का नही, काय माहीत."

"करेल हो," मी म्हणालो. मला फोन करेल की नाही, हे मात्र मी त्यांना विचारलं नाही.

उसाची एक ट्रॉली धडधडत पुलावर चढली. ती पलीकडे दिसेनाशी झाली तरी आम्ही दोघे त्या उघड्या इंजिनासमोर तसेच उभे होतो.