जुनी म्हणून आणलेली पांढरी रम

माझ्या आत्याचे यजमान कारैकालच्या फ्रेंच कचेरीत तीस वर्षं कारकून होते. फ्रेंच गेले, पाठोपाठ यांची नोकरीही संपली आणि आतोबा कुंभकोणमला येऊन राहिले. येताना त्यांनी एक टोपी, पाच-पन्नास फ्रेंच शब्द आणि आपल्याला मद्यातलं कळतं हा समज एवढं बरोबर आणलं. टोपी लवकरच वाळवीनं खाल्ली.

मी तेव्हा त्यांच्याच घरी राहत होतो. आईवडील तंजावरला होते आणि मला इथल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळाली होती. आत्याच्या हातचं दोन वेळ जेवत होतो आणि तिच्या नवऱ्याला मनातल्या मनात हसत होतो. ते कॉफीचा पेला नाकाखाली फिरवून ‘आज चिकोरी जास्त पडली’ म्हणत. आत्यानं आयुष्यात कॉफीत चिकोरी घातली नव्हती. ती काही बोलत नसे, आणि त्यामुळे मला अधिकच चीड येई.

आमच्या बाजूला दारूबंदी होती, कारैकालला नव्हती. त्यामुळे कुंभकोणमचे सभ्य लोक देवदर्शन म्हणून बसनं तिकडे जात आणि डोळे लाल करून परत येत. अशा भक्तांवर जगणारा तिथला एक दुकानदार एके रविवारी सकाळी आमच्याकडे आला. विड्याच्या पानांच्या टोपलीत, पानांच्या खाली, त्यानं एक बाटली आणली होती.

“अय्या, ही पांढरी रम आहे,” तो आतोबांना म्हणाला. “आठ वर्षं लाकडी पिंपात मुरवली, मग कोळशातून गाळून रंग काढला. इतकी जुनी, तरी साध्या माणसाला परवडेल अशी. पण लोकांचा विश्वास बसत नाही. तुमच्यासारख्या जाणत्यानं इंग्रजीत दोन ओळी लिहून दिल्या, तर दुकानात काचेच्या चौकटीत लावीन.”

‘जाणता’ हा शब्द ऐकून आतोबा ताठ बसले. आत्याला त्यांनी काचेचे पेले आणायला सांगितलं. तिनं ते आणून ठेवले, खिडकी सताड उघडली आणि ती आत निघून गेली.

आतोबांनी पेला उजेडात धरला, हलवला, डोळे मिटले. एक घोट तोंडात फिरवून गिळला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी सुगंधाच्या नावावर खपवलं.

“लाकूड,” ते म्हणाले. “जुनं लाकूड. आणि मध.”

दुकानदारानं हात जोडले. मग आतोबांनी दुसरा पेला माझ्याकडे सरकवला. “घे, शीक थोडं.”

त्यांना माहीत नव्हतं, पण शिकण्यासारखं मी आधीच शिकलो होतो. कॉलेजात येण्यापूर्वी दोन वर्षं मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. शेजारीच मळीपासून दारू गाळत. तिथल्या एका म्हाताऱ्या कामगारानं मला नाक कसं वापरायचं ते दाखवलं होतं. मी पेला आधी छातीपाशीच धरला. तेवढ्या अंतरावरूनही ओल्या वार्निशाचा वास आला. जवळ नेल्यावर त्याच्यावर व्हॅनिलाच्या अर्काचा गोड, मिठाईच्या दुकानातला वास. जीभ पोळली, आणि घोट उतरल्यावर तोंडात काही म्हणजे काही उरलं नाही. लाकडात राहिलेली रम पांढरी केली तरी मागे काहीतरी ठेवते. कोरड्या खोबऱ्यासारखं, उसाच्या चिपाडासारखं. मी चार थेंब पाणी घातलं, तर होता तो व्हॅनिलाही पळाला. दोन थेंब तळहातावर चोळले. हात चिकट झाला.

“साखर घातली आहे,” मी मराठीत म्हणालो, दुकानदाराला कळू नये म्हणून. “आणि ही आठ वर्षांची नाही. आठ आठवड्यांची असेल.”

“तुज काय कळतंय रे,” आतोबा म्हणाले. “कॉलेजात गंधक जाळतोस तू. गप्प कागद घे आणि मी सांगतो ते लिही.”

आतोबांना फ्रेंच येत होतं, तमिळ येत होतं, घरची मराठी येत होती. इंग्रजी येत नव्हतं, आणि ते ही गोष्ट कोणाला कळू देत नसत. ते तमिळमध्ये सांगू लागले. जुन्या पिंपाचा गंध, फुलांवरचा मध, रेशमासारखा घोट, आणि अशी चव कारैकालच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावरच आपण घेतली होती वगैरे वगैरे. त्यांचे हात हवेत फिरत होते. दुकानदार मान डोलावत होता. त्या दोघांची मला शिसारी आली.

मी इंग्रजीत लिहिलं ते असं: ‘हे मद्य नवं आहे. लाकडाचा अंशही नाही. वास व्हॅनिलाच्या अर्काचा असून गोडी साखरेची आहे. गाळताना सुरुवातीला येणारा, फेकून देण्याचा भाग नीट काढलेला नाही. स्वस्त आहे, पण मागितलेल्या किमतीलाही महाग आहे.’ प्रत्येक वाक्य खरं होतं. खाली आतोबांनी वेलबुट्टीदार फ्रेंच सही ठोकली. दुकानदारानं कागद डोळ्यांना लावला.

दुपारी पेल्यांच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती. ती पाहून मी एकटाच हसलो.

दहा-बारा दिवसांनी तो दुकानदार परत आला. या वेळी टोपली नव्हती. एका शाळामास्तरानं दुकानात तो कागद मोठ्यानं वाचला होता, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. दुकानदारानं कागद आतोबांपुढे आपटला. “माझं हसं केलंत. हे तुम्ही सांगितलंत काय?”

आतोबांनी कागद उचलला, पाहिला, आणि मला दिला. “वाच.”

मी तमिळमध्ये अर्थ सांगत वाचलं. दाराशी आत्या येऊन उभी होती. ‘मागितलेल्या किमतीलाही महाग’ हेही वाचलं. आता हे माझं नाव घेणार, मी मनात म्हणत होतो. घेऊ देत, मी खरंच लिहिलं आहे.

आतोबांनी कागदाची नीट घडी केली. “सही माझी आहे,” ते दुकानदाराला म्हणाले. “मीच हे सांगितलं. तुमची रम खोटी आहे. आता जा.”

तो शिव्या देत गेला. आतोबा ओट्यावर जाऊन बसले. मग त्यांनी मला हाक मारली.

“खरंच नवी होती काय?”

“हो.”

“साखर?”

“हो, आतोबा.”

“माझ्या जिभेला लाकूड लागलं होतं,” ते म्हणाले. एवढंच.

मला वाचवायला ते तसं बोलले की इंग्रजी येत नाही हे झाकायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी यातलं दुसरं कारण धरून चाललो, कारण ते मला सोयीचं होतं. ज्यांच्या घरी जेवत होतो, त्यांना न येणाऱ्या भाषेत मी त्यांच्या सहीवर लिहिलं होतं. खरं लिहिलं, ही माझी बढाई त्या दुकानदाराच्या आठ वर्षांइतकीच भरीव होती.

आत्या त्या दिवशी मला जेवायला वाढताना म्हणाली, “त्यांना घरात सांगितलं असतंस, आपण तिघंच असताना. ऐकलं असतं त्यांनी.” मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. त्यांनी ऐकलं नसतं, हे तिलाही माहीत होतं. तरी तिनं म्हटलं.

आतोबा पुढेही कॉफी घेत, पण पेला नाकाखाली फिरवत नसत, नुसती पीत. इंग्रजीत पत्र लिहायचं झालं की छत्री घेऊन ते पोस्टासमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे जात. मी घरातच, त्यांच्यापासून दोन हातांवर, लेखणी घेऊन बसलेला असे.