मुरुडच्या बाजारातली कुटुंबपाहणी

समस्त मानवजात सुखी आहे की नाही, याचा निकाल एकदा माझ्यावर सोपवण्यात आला होता. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी मुंबईच्या एका गोऱ्या प्रोफेसराने कुटुंबांची पाहणी काढली आणि प्रश्न विचारायला आम्हा मास्तरांना धाडले. मुरुडच्या कोळीवाड्यातल्या पहिल्याच घरात नवरा जाळे विणत बसला होता.

"बायको काय काम करते?"

"काम काय न्हाय. बाजारात बसते."

म्हणून मी बाजारात जाऊन तिच्या टोपलीसमोर ठाण मांडले. ती झावळीने माशा हाकलायची, करंदीच्या बारीक कोळंबीवर पाणी शिंपडायची, माझ्याकडे मात्र पाहायची नाही.

"भवानी झाल्याबिगर मी बोलायची न्हाय," एवढेच म्हणाली.

पहिली विक्री काही होईना. गिऱ्हाईक यायचे, माझे कागद पाहून सरकारी माणूस समजायचे आणि शेजारणीच्या टोपलीकडे वळायचे. उन्हाने करंदी मऊ पडू लागली. मीही चिडून सगळे सोडले आणि थेट शेवटचा प्रश्न विचारला, "बाई, तुमचं कुटुंब सुखी आहे काय?"

तिने झावळी आपटली.

"तू हितनं उठलास तर व्हईल, मास्तर."