डाव्या चाकाचा ब्रेक

"अगं पाय काढ! पाय काढ त्या ब्रेकवरनं, चाकातनं धूर निघतोय!"

मी फटफटीवरून ओरडत होतो आणि शेजारच्या साइडकारमध्ये माझी बायको मान मागे वळवून बसली होती. घाटघरहून जुन्नरकडे उतरणारा रस्ता. माझा आवाज असा की जीवधन गडावरची माकडं खाली येऊन काय झालं विचारायची. पण हातभर अंतरावरच्या बाईला तो ऐकू गेला नाही.

तिथं आम्ही कसे पोचलो हे सांगायचं तर गाडीचं कूळ सांगावं लागेल. आम्ही दोघंही डोंगराकडचे. पोटासाठी मी आळेफाट्याला कांद्याच्या आडतीत कामाला लागलो आणि खालीच राहिलो. नव्वदचं दशक संपत आलेलं तेव्हा बायको ओल्या ओट्यावरून घसरली आणि तिचा उजवा घोटा मोडला. हाड जुळलं, पण घोटा वाकायचा तो थांबलाच. एसटीची पहिली पायरी तिला नाणेघाटापेक्षा उंच झाली. जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली की कुणाचा पाय कुणाच्या पोटात होता ते उतरल्यावर कळायचं. फटफटीवर मागं बसवली, तर पाय लोंबकळून जुन्नर येईस्तोवर दुधी भोपळ्याएवढा. दोन वर्षं तिला माहेर दिसलं नाही.

अशात निरोप आला. तिच्या भावांनी चाकणला खोल्या घेतल्या होत्या. भात निघालं की आईला कायमची तिकडं नेणार, घाटघरच्या घराला कुलूप.

"आई तिच्या चुलीपुढं बसलेली मला एकदा बघायचीय," बायको म्हणाली.

"चाकणला जाऊन बघू की."

"तिथं ती पाव्हणी असंल."

पुण्याच्या जुन्या बाजारातून एक साइडकार उचलून आणली. तिचा मूळ रंग कुठला ह्यावर आडतीत दोन गट पडले. फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं ती फटफटीच्या डाव्या अंगाला जोडली आणि वर हात झटकले. "भाऊ, हत्ती बसवा. हलली तर नाव बदलीन."

हत्ती मिळेना म्हणून कांद्याची दोन पोती टाकली आणि निघालो. पहिला ब्रेक दाबला. फटफटी थांबली, साइडकारला थांबायचं ठाऊक नव्हतं. ती पुढं पळाली, सगळी गाडी गर्रकन उजवीकडं वळली आणि रस्ता ओलांडून थेट चहाच्या टपरीत. चहावाल्यानं न विचारता एक कट चहा पुढं केला.

"असं व्हणारच," वेल्डिंगवाला धावत येऊन म्हणाला. "साइडकारच्या चाकाला ब्रेक कुठाय?"

"हे आधी सांगायचंस की, राव!"

"तुमी विचारलं का?"

दुसरा घोळ माझ्या पायाचा. त्या जुन्या फटफटीचा ब्रेक डाव्या पायाला. साइडकार जोडणारा पाइप नेमका तिथूनच गेलेला. जाड तळाची चप्पल घातली की पाय पाइपाखाली अडकायचा, ब्रेक अर्धाच लागायचा. मग डावा पाय अनवाणी, उजव्यात चप्पल, अशी स्वारी निघायची. लोकांना वाटायचं ह्यानं अर्धाच नवस बोललाय. पिंपळवंडीत एका म्हातारीनं माझ्या त्या अनवाणी पायाला हळदकुंकू लावलं. खोटं वाटत असेल तर सोडून द्या, पण कुंकू आठवडाभर निघालं नव्हतं.

बायकोनं मात्र स्वतःच्या पायाची सोय स्वतःच केली. रेक्झिनची गादी पाहिली आणि बाजूला टाकली. भाताचं तूस भरून जाड कापडाची उशी शिवली. तिच्यात दुखरा पाय ठेवला की तो रुतून बसायचा. मग खड्डा रस्त्यात असायचा, घोट्यापर्यंत पोचायचा नाही. पाय असा बसल्यावर ती म्हणाली, "आता मलाबी एक ब्रेक द्या."

वेल्डिंगवाला हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातल्या मोपेडचं चाक ड्रमसकट साइडकारला बसवलं आणि त्याचा पायडल तिच्या चांगल्या पायापाशी आणला. आता मी एकटा दाबला तर गाडी उजवीकडं, ती एकटीनं दाबला तर डावीकडं, आणि दोघांनी एकदम दाबला तरच सरळ. बाजार नसेल त्या दिवशी कांद्याच्या आवारात आमचा सराव चालायचा.

"दाब!"

"कवाच दाबलाय! तुमचाच पाय झोपलाय!"

हमाल पोत्यांवर बसून पैजा लावायचे. पण शेवटी गाडी अशी सरळ थांबायला लागली की आडतीतल्या तराजूच्या काट्यानं मान खाली घालावी. पुढं पुढं तर "दाब" म्हणावंही लागायचं नाही.

ती गाडी आता भंगारात गेली. आणि माझ्या डाव्या हाताची तिची जागा रिकामी होऊनही बरीच वर्षं झाली. मुलाच्या चारचाकीत पुढं बसतो. उतार आला की पाय आपोआप दाबला जातो आणि तोंडातून "दाब" निघतं. मुलगा म्हणतो, "दादा, गाडी मी चालवतोय." चालव बाबा. तुझी गाडी एकट्या माणसाच्या पायानंही सरळ थांबते, तुला काय कळणार?

तर आम्ही घाटघरला पोचलो. बायको पाय लांब करून चुलीशी बसली. आई नाचणीच्या भाकरी थापत होती. मधेच तिनं पीठ पुसलं, तेल घेतलं आणि लेकीचा घोटा चोळत राहिली. बोलण्याचं सगळं काम मी केलं, दोन दिवस.

निघालो तेव्हा आई खळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. हात हलवला नाही, नुसता डोळ्यांवर धरला.

पहिल्या वळणालाच गाडी डावीकडं ओढायला लागली. मी हँडल उजवीकडं दाबून धरलं आणि वेल्डिंगवाल्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. गाडी बैलासारखी रेटत चालली होती. मग धूर आला, आणि मी ओरडलो ते वर सांगितलंच.

शेवटी गाडी थांबवून उतरलो. बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतलं, तो तापल्या तव्यासारखा चुरचुरला. बायकोची मान अजून मागंच. मी पण बघितलं. कापणीला आलेल्या भाताच्या पलीकडं आई दिसत होती, लोंबीएवढी. पुन्हा निघालो तेव्हा मी गाडी जरा सावकाशच घेतली. वळण आलं, मधे डोंगर आला. मग गाडी एकदम हलकी झाली आणि सुतासारखी सरळ चालायला लागली.

आळेफाट्यापर्यंत मी वेल्डिंगवाल्याला शिव्या घालत आलो. घरी आल्यावर ती बाजेवर पाय वर घेऊन बसली, तेव्हा न राहवून विचारलं, "खरं सांग, ब्रेक तू दाबून धरला व्हतास ना?"

ती म्हणाली, "उतार व्हता."