पोरांनी भंडारा परत केला

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं. खरं तर गुन्हा लहान पोरांवरच्या अत्याचाराचा, हसण्यासारखं त्यात काय असणार? पण त्या दिवशी मी कपाळापासून कोपरापर्यंत पिवळा होऊन ठाण्यात परतलो होतो. माझ्या ठाणे अंमलदारानं सलाम ठोकायच्या आधीच विचारलं होतं, "साहेब, हळदीला गेलतासा व्हय?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कागलच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. पोरं आता मोठी झाली आहेत, त्यांना त्यांचं सुखानं जगू दे.

बाजारचा बंदोबस्त लावून मी चहाचा कप उचलला, तोच एका गावच्या देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आत आले. जुना पैलवान माणूस, बोलणं तालमीतलं. मागं दोन पंच, आणि त्यांच्याही मागं नऊवारी नेसलेली एक बाई. महिला भजनी मंडळाची ती पुढारीण. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

"साहेब, रविवारी दोन पोलीस पायजेत. देवळात गर्दी हुणार."

"जत्रा आहे का?"

"न्हाय. जरा शपथ हाय. भंडारा उचलायचा हाय."

आमच्याकडं ही जुनी रीत आहे. देवापुढं हळदीचा भंडारा मुठीत घेऊन शपथ घ्यायची. उचलला की वाद मिटला. खोटा उचलला तर देव बघून घेईल. बांधाच्या भांडणात मी या रितीला कधी आडवा गेलो नाही, उलट माझं निम्मं काम वाचायचं.

"कोण उचलणार?"

"पेटीमास्तर. आनि... एक पोरगी."

"केवढी पोरगी?"

अध्यक्ष छताच्या पंख्याकडं बघायला लागले. "घरगुती मामला हाय साहेब. देवळाचं नाव खराब व्हायला नको. देवच निवाडा करंल."

"घरगुती कसला डोंबलाचा!" मावशी पुढं आली. "पाचवीतली पोर हाय ती! पेटी म्हंजे तिचा जीव. आता पेटीला हात लावीना. आई खनपटीला बसली तवा एवढंच बोलली, मास्तर दार लावत्यात, अंगाला हात लावत्यात, मला न्हाय जायाचं. आनि रडून जी गप झाली ती झालीच. दार लावून शिकवायला पेटी काय पळून जातीया व्हय? आनि ह्या शहाण्यांनी काय ठरवलं? पोरीलाच देवापुढं उभी करायची! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

ही शपथेची कल्पना कुणाची, असं विचारलं. ती खुद्द मास्तरची होती. कुजबुज कानावर जाताच तो कमिटीपुढं हात जोडून म्हणाला होता, माझ्यावर आळ आलाय, मी उचलतो, पोरीनंही उचलावा. कमिटीला ते पटलं. याच मास्तरनं बालभजनी मंडळाला तालुक्याची ढाल मिळवून दिलेली. असल्या माणसावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही, हेही मी समजू शकतो.

मी म्हणालो, "अध्यक्ष, देवाला नमस्कार करा. तपासाचं काम त्याच्या गळ्यात घालू नका, त्याचा पगार मी घेतो."

स्टेशन डायरीला नोंद केली. आईची फिर्याद घेतली. अध्यक्षांना सांगून देवळाच्या खोलीत भरणारा पेटीचा वर्ग त्याच दिवशी बंद करवला. पोरीला ठाण्यात बोलावलं नाही. खाकी बघून मोठे गडी घाबरतात, तिथं त्या पोरीची काय कथा! कोल्हापूरच्या मुख्यालयातून एक महिला हवालदार मागवून घेतल्या आणि साध्या साडीत तिच्या घरी पाठवल्या.

मास्तरला मात्र मी समोर बसवलं. स्वच्छ पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, आवाज साखरेतला.

"साहेब, देवाची सेवा करणारा माणूस मी. आत्ता उचलू का भंडारा? इथंच?"

"वर्गाचं दार का लावत होता?"

"आवाज बाहेर जातो ना, साहेब."

आता देवळातल्या भजनाचा आवाज बाहेर गेला म्हणून कुणाचं काय बिघडतं? माझा अनुभव असा, की खोटा आळ आलेला माणूस आधी भडकतो, कोण बोललं त्याचं नाव विचारतो. हा प्रश्नाआधीच उत्तर घेऊन बसला होता. अर्थात माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. बोलावू तेव्हा हजर राहायची समज देऊन त्याला सोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हवालदारबाई परत आल्या. पोरीबरोबर त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. पोर शाळेबद्दल बोलली, मांजराबद्दल बोलली, अगदी खळखळून हसलीसुद्धा. मास्तरचं नाव निघालं तशी तिनं मूठ आवळली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला सांगता येत न्हाय. मी भंडारा उचललाय. कुणाला सांगितलं तर आई मरंल."

मी खुर्चीतून उठलो. त्या हरामखोरानं दार लावून, पोरीच्या हातात भंडारा देऊन, गप्प राहायची शपथ तिच्याकडून आधीच वदवून घेतली होती! आणि आता चारचौघांत तिला दुसरी शपथ घ्यायला लावणार होता. खरं बोलावं तर पहिली शपथ मोडते आणि आई जाते. गप्प राहावं तर गाव तिला खोटारडी ठरवणार. आईपुढं जेवढं निसटलं, त्याच्याच भीतीनं ती पोर रात्री उठून आईचा श्वास बघत होती, असं आईनं हवालदारबाईंना सांगितलं होतं. कायद्याच्या कुठल्याही कलमानं ती मूठ उघडणार नव्हती.

मी तडक गाव गाठलं आणि पुजाऱ्यांच्या पुढ्यात जाऊन बसलो. म्हातारा मितभाषी. शेजारी अध्यक्ष आणि मावशी. तिघांना सगळं सांगितलं. पुजाऱ्यांनी देवाला हात जोडले.

"दाराआड उचललेला भंडारा देवाला पोचत न्हाय साहेब," ते म्हणाले. "त्यानं देवाचं नाव चोरलंय. आमी परत घिऊ."

अध्यक्ष पायरीवर मटकन बसले. एवढा पैलवान गडी, धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून रडायला लागला. "माझ्या देवळात, साहेब! आनि मी त्या लेकराला शपथंला उभी करत हुतो!"

मला एकच धास्ती होती. उद्या कोर्टात आरोपीचा वकील म्हणणार, पोरांना पढवलं. म्हणून मी अटी घातल्या. कुणाही पोराला कुणी प्रश्न विचारायचा नाही. मास्तरचं नाव काढायचं नाही, त्याला देवळाकडं फिरकू द्यायचं नाही. आणि गावातली सगळी पोरं बोलवायची, म्हणजे एकीकडंच बोट जायला नको. अध्यक्षांनी देवापुढं मान डोलावली. मावशी म्हणाली, "कुणी तोंड उघडलं तर मी हाय की!"

रविवारी देऊळ फुललं. पोरांची रांग पार पारापर्यंत. मावशीनं पोरापोराच्या हातात चिमूट चिमूट भंडारा दिला, पुजारी ताट घेऊन उभे राहिले आणि त्या म्हाताऱ्याचा आवाज असा काही निघाला, की मीही दचकलो.

"पोरांनो! तुमास्नी भ्या घालून कुणी गुपचूप भंडारा उचलायला लावला आसंल, तर ती शपथ देवानं सोडली! कुनाच्या आईला काय हुत न्हाय, कुनाच्या बाला काय हुत न्हाय! ताटात चिमूट टाका आनि मोकळं व्हा!"

आधी पोरं बावरली. मग एकानं चिमूट टाकताना ती चुकून की मुद्दाम पुढच्याच्या डोक्यावर टाकली, आणि असा दंगा सुरू झाला, की विचारू नका! कुणी कुणाला रंगवतंय, कुणी अध्यक्षांच्या टकलावर हात पुसतंय. अध्यक्ष आपलं डोकं पुढं करून उभे!

ती पोर आईचं बोट धरून आली. चिमूट ताटात टाकली. हात झटकला. मग वर मान करून आईकडं बघत राहिली.

"आई, तुला काय हुतंय का गं?"

"काय बी हुत न्हाय बाळा. ही बघ, हाय की मी!"

पोर खुदकन हसली. आईचं बोट सोडून आपल्या पायांनी ओवरीत बसलेल्या हवालदारबाईंकडं गेली आणि त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. मला त्या क्षणी जो आनंद झाला, तो पुढं राष्ट्रपतींचं पदक मिळालं असतं तरी झाला नसता.

मग अध्यक्ष गरजले, "पोरं सुटली. आता मोठ्यांनी उचला! देवळाचं नाव राखायला म्हणून पोराला गप करणार न्हाय, तडजोड करणार न्हाय!" गावानं भंडारा उचलला. मावशीनं मूठभर माझ्याही हातात कोंबला. "पावणं, तुमी बी! तपास अर्धा सोडणार न्हाय म्हना!" गणवेशात होतो, पण म्हणालो. उरलेला तिनं माझ्या कपाळाला फासला.

पोरीनं त्याच दिवशी हवालदारबाईंना सगळं सांगितलं. पुढच्या दोन दिवसांत आणखी काही घरांतून निरोप आले. त्यात एक मुलगाही होता. प्रत्येकाचा जबाब ज्याच्या त्याच्या घरी, आईवडिलांसमोर, वेगवेगळा घेतला. खोलीचा तोच कोपरा, मुठीत तोच भंडारा, आई मरण्याचा तोच धाक. एकमेकांना विचारून सांगितल्यासारखं काही नव्हतं. मास्तरला अटक केली.

"किती पोरांना भंडारा उचलायला लावलास?" एवढंच विचारलं. त्यानं पाणी मागितलं. भंडारा काही मागितला नाही.

खोलीचा पंचनामा केला. दाराच्या आतल्या बाजूला त्यानं स्वतः बसवलेली नवी कडी निघाली, ती जप्त केली. आम्ही निघताना अध्यक्षांनी सुताराला हाक मारली. "कडी साहेबांनी न्हेली. आता दारच काढ!"

खटला रेंगाळला, खटले रेंगाळतातच. मधल्या काळात पाहुण्यारावळ्यांकडून मिटवामिटवीचे निरोप आले. अध्यक्ष दर तारखेला कोर्टाच्या बाकावर पोरांच्या आईवडिलांसोबत बसायचे, आणि निरोप घेऊन येणाऱ्याला एकच उत्तर द्यायचे, "मी उचललाय." मास्तरला शिक्षा झाली.

या प्रकरणानं मला शिकवलं ते साधं आहे. असली तक्रार आली की देऊळ असो, मठ असो, मशीद असो, चर्च असो की विहार, माणसं आधी विचारतात, आमच्या जागेच्या नावाचं काय? आधी विचारायला हवं, पोराचं काय? त्याला धीर द्या, त्या माणसाला पोरांपासून लांब करा आणि सरळ पोलिसांत या. त्या गावाचं नाव त्यामुळं खराब झालं नाही. शेजारच्या गावचे लोक आपली पोरं तिथं भजन शिकायला पाठवायला लागले.

काही वर्षांनी मी कोल्हापुरात बदलून आलो तेव्हा बालभजनाचं आमंत्रण आलं. गेलो. बघतो तर त्या खोलीला अजून दार नाही. एक शेळी निवांत आत-बाहेर करत होती आणि मावशी तिला शिव्या घालत होती. विटांवर एक जाड फळी आडवी टाकून बैठक केली होती. निरखून बघितलं तर ते खोलीचंच दार. त्यावर पेटी घेऊन ती बसली होती, आता कॉलेजला जाणारी. पुढ्यात गावभरची पोरं.

"साहेब, लई गर्दी हाय," अध्यक्ष कानाशी म्हणाले. "दोन पोलीस मागवाय पायजे हुतं."

मी हसलो. तिनं भाता ओढला, सूर धरला आणि पोरांनी गळे मोकळे सोडले. आवाज बाहेर जात होता. देवळातून पारापर्यंत, पारापासून रस्त्यापर्यंत, आणि रस्त्यानं जाणारी माणसं सायकली थांबवून ऐकत होती.