दोन इंच वर

शैलावहिनींचा निरोप आन्सरिंग मशिनवर होता. "भाऊजी, घरी आलात की फोन करा..." एवढंच. पुढे टेप नुसतीच फिरत राहिली होती. मधू, त्यांचा नवरा आणि माझा मिशिगनमधल्या नोव्हाय गावातला सगळ्यात जुना मित्र, गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर, दुपारी कामावरच हृदय बंद पडून गेला होता. ब्रेकवाल्यालाच ब्रेक लागला, असं तोच म्हणाला असता आणि आमच्या आधी हसला असता.

सांगलीचा, चतुर्थी धरणारा हा गृहस्थ रायफल घेईल असं आमच्या मराठी मंडळात कुणाला वाटलं नव्हतं. त्याने घेतली, आणि पहिल्याच शनिवारी मला चहाच्या थर्माससकट नेमबाजीच्या रेंजवर नेलं. "शाळेत झिरो मिळाला की मार बसायचा," वहिनी म्हणाल्या, "आणि हे दोघं झिरो करायला डबा घेऊन निघालेत!" झिरो करायची म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीतली फुली आणि गोळी कुठल्या अंतरावर एकत्र यायची ते ठरवायचं, कारण गोळी किंचित वर चढते आणि मग झुकते. मिशिगनच्या झाडीत हरीण दिसलंच तर शंभर यार्डांच्या आत, म्हणून सगळे शंभरवर लावत. मधूने दोनशे धरले. "सगळ्या कामाची रायफल आहे रे. जवळचं तर साधेलच, लांबचं का सोडायचं?" रेंज मात्र शंभराचीच. तिथे, झुकायच्या आधीच, त्याच्या गोळ्या मध्याच्या दोन इंच वर लागत, अगदी एकीला एक चिकटून. शेजारचे म्हातारे हळहळायचे, "जरा खाली घे, बाबा." हा नाटकातल्या राजासारखा मान लववून आभार मानायचा आणि पुन्हा दोन इंच वर मारायचा.

सगळं वायोमिंगसाठी. तिथलं उघडं माळरान, त्यावर काळविटासारखे धावणारे प्राणी... एकदा तरी तिथे जायचंच, हे त्याने मनाशी धरलं होतं. मी म्हणायचो, "अरे, सध्या शंभरवर ठेव. तिकडे जाशील तेव्हा बदल. नाण्याने स्क्रू फिरवायचा, झालं."

"जाशील नाही, जाऊ," तो म्हणाला. "आणि एकदा खाली आणली ना, की मी जायचा नाही, यार. मी मला ओळखतो."

एका फॉलला, म्हणजे ऐन शिकारीच्या हंगामात, कंपनीच्या गाडीचं नवं मॉडेल बाजारात यायचं होतं. पुढच्या फॉलला लेकीचं कॉलेज. मग सांगलीला वडिलांचं ऑपरेशन. त्याऐवजी आम्ही अप नॉर्थ, मिशिगनच्याच उत्तरेकडच्या जंगलात जायचो, झाडाखाली गारठत बसायचो. एकदा भलंमोठं शिंगाळं हरीण इतकं जवळ आलं की त्याच्या नाकातली वाफ दिसली. मधू नुसता बघत राहिला. ते गेल्यावर मी ओरडलो, "मारलं का नाहीस?"

"हे काय अंतर झालं? हा तर शेजार!"

माणसाचा काय नेम, असं आपण म्हणतो. मधूचा मात्र नेम ठरलेला होता. या फॉलची रजासुद्धा मंजूर झाली होती... आणि मे महिन्यात तो गेला.

गेल्या आठवड्यात वहिनींनी रायफल शेजारच्या डेव्हला द्यायची ठरवली. तो ती रेंजवर नेऊन परत आला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहिनींच्या आणि माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "चांगली आहे, पण दोन इंच वर मारते. आत्ता खाली आणतो." खिशातून नाणं काढून तो दुर्बिणीच्या स्क्रूवरचं झाकण उघडायला लागला.

"भाऊजी, बिघडलीय का ती?" वहिनींनी मला मराठीत विचारलं.

"नाही, वहिनी. लांबसाठी लावलीय."

त्यांनी झाकणावर तळहात ठेवला. "नको, डेव्ह. सॉरी." डेव्ह भला माणूस. त्याने नाणं खिशात टाकलं, चहा घेतला आणि गेला.

रायफल आता हॉलमधल्या कपाटात, कोटांच्या मागे उभी आहे. परवा माझा कोट तिथे अडकवताना दिसली... नेम अजून दोनशे यार्डांवर, आणि समोर हातभर अंतरावर मधूचा हिवाळी कोट.