तीन पुस्तकं आणि एक घासलेला पाना

"पुस्तक कुठलं घ्यायचं ते तुम्ही शुक्रवारपर्यंत ठरवा, मॅडम. नाहीतर विलासचं काय करायचं ते मी ठरवतो."

साहेब एवढं बोलले आणि फोन उचलून दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायला लागले. म्हणजे मी आता निघायचं.

मी चाकणमधल्या एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर बघते. आम्ही लीक टेस्टची मशीनं बनवतो. ब्रेकचा पार्ट मशीनमध्ये लावायचा, हवा भरायची, थोडा वेळ थांबून प्रेशर पडतं का ते बघायचं. पडलं तर पार्टला कुठंतरी भोक आहे, लाल दिवा. नाही पडलं तर हिरवा. एवढंच. पण हा हिरवा दिवा चुकला तर कोणाच्या तरी गाडीचा ब्रेक लागणार नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता आमची पद्धत काय होती ती सांगते, आणि सांगताना मलाच राग येतो. नवी मशीन आली की जुन्या मशीनचा प्रोग्रॅम कॉपी करायचा, नाव बदलायचं, हवं तिथं खाडाखोड करायची. अशा बारा मशीनमध्ये बारा प्रती. ऑपरेटरनं घाईत स्टार्टचं बटण दोनदा दाबलं की मोजायचा वेळ शून्य व्हायचा, ही चूक विलासनंच शोधली. वेळच शून्य, मग प्रेशर पडणार कधी? पार्ट फुटका असला तरी हिरवा दिवा. विलास आमचा प्रोग्रॅमर, लातूरकडचा, बायको आणि लहान मुलीला घेऊन मारुंजीत भाड्यानं राहतो. गडी बसनं, रिक्षानं, मिळेल त्या गाडीनं कारखाने फिरला आणि अकरा ठिकाणी दुरुस्ती करून आला. बाराव्या मशीनमधल्या प्रतीचं नाव वेगळंच होतं, म्हणून कॉम्प्युटरवरच्या शोधात ती आलीच नाही. नेमके त्याच मशीनवरून दोन फुटके पार्ट हिरवा दिवा घेऊन पुढं गेले. कस्टमरच्या पुढच्या तपासणीत सापडले म्हणून निभावलं. पण मेल आलाच: चूक कोणाची, ते नावासह कळवा.

साहेबांकडे नाव तयारच होतं, विलासचं. मी म्हटलं, माणसाची चूक नाही, कॉपी मारायच्या पद्धतीची आहे. हा भाग एकदाच लिहायचा आणि सगळ्या मशीननी तोच वापरायचा, असं करायला हवं. साहेब म्हणाले, मग पद्धत आणा. कुठल्या तरी मान्यताप्राप्त गाइडप्रमाणे आणा, आणि महिन्यानं कस्टमर येईल तेव्हा चालवून दाखवा. जमलं तर विलास राहील.

पुन्हा पुन्हा वापरता येतील असे प्रोग्रॅमचे भाग, म्हणजे कंपोनंट, कसे करावेत, यावर पुस्तकं उदंड आहेत. मी तीन मागवली. मागवली म्हणजे काय, परचेसवाल्यानं आधी विचारलं, "कंपोनंटचं पुस्तक ना? ड्रॉइंग नंबर सांगा." मी कपाळावर हात मारला. इनवर्डला, म्हणजे आलेला माल उतरतो तिथं, पुस्तकं आली तर क्वालिटीचा माणूस टेस्ट सर्टिफिकेट मागत बसला. त्यावर मीटिंग झाली. एचआरनं सुचवलं की पुस्तकाऐवजी व्हिडिओ दाखवू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिन्ही पुस्तकं टेबलावर होती. एक उशाला घेता येईल इतकं जाड. दुसरं चकचकीत, पानोपानी रंगीत चौकोन आणि बाण. तिसरं करड्या कव्हरचं, बारकं. साहेबांनी जाड पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, ऑडिटला टेबलावर बरं दिसेल. त्यांना हसायचा मला हक्क नाही, कारण मीही तेच निवडलं. मला वाटलं, विद्वानाचं आहे. बारकं मी बसमध्ये चाळलं होतं आणि मागच्या निम्म्या भागावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कारकुनी'.

दोन आठवडे विलास आणि आमचे बाकीचे तिघं जाड पुस्तकाप्रमाणे राबले. सगळ्या मशीनना चालेल असा एक भाग तयार झाला. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. वापरताना त्यात त्रेचाळीस गोष्टी भराव्या लागत. मी खूश. शनिवारी सहज चौघांचे फोल्डर उघडले आणि डोकंच फिरलं. चौघांनी तो ब्लॉक आपापल्या फोल्डरमध्ये कॉपी करून घेतला होता आणि आपल्याला हवा तसा बदलला होता. म्हणजे कॉपी मारू नये म्हणून बनवलेल्या वस्तूच्याच चार कॉप्या! मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

विलास खाली मान घालून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "मॅडम, ब्लॉक कसा बनवायचा ते पुस्तकात आहे. अडला तर कोणाकडं न्यायचा ते कुठंच नाही की. काम तर पुढं न्यावं लागतंय. मग ज्यानं त्यानं आपापला केला."

त्याचं खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

त्याच रागात मी प्रेशर गेज आणायला टूल स्टोअरला गेले. खरं तर फोन केला असता तरी चाललं असतं. तिथं थोरवे काका एका फिटरला झापत होते. काका चाकणच्याच जुन्या घरातले. कंपनीची शेड उभी राहिली तेव्हापासून स्टोअर त्यांच्याकडे. फिटरनं जाड पाना अडचणीच्या जागी बसेना म्हणून ग्राइंडरवर घासून पातळ केला होता आणि गुपचूप परत आणून ठेवला होता.

"पाना घासायचा न्हाई," काका सांगत होते. "बसत न्हाई तर माझ्याकडं आन. मी दुसरा दीन, न्हाईतर ह्योच बदलून सगळ्यांला तसा करीन. तू घासलास आन गप ठेवलास. उद्या दुसऱ्याच्या हातात ह्यो मोडला, तर त्यानं कुनाला पुसायचं?"

त्यांच्या पाठीमागे फळीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक हत्याराच्या जागी, ते नेलेल्या माणसाचा पितळी बिल्ला लटकत होता. कुठलं हत्यार कोणाकडे आहे, ते दारातूनच कळत होतं. इतकी वर्षं मी त्या दारात उभी राहून सह्या केल्या आहेत. फळीकडे कधी धड बघितलं नव्हतं.

गेज तिथंच विसरून मी परत आले. तिन्ही पुस्तकं उघडली आणि दोनच प्रश्न घेऊन शोधायला बसले. भाग बिघडला तर कोणाकडे न्यायचा? आणि तो कुठं कुठं वापरात आहे, ते कसं कळणार? जाड पुस्तकात पार शेवटी अर्धं पान. चकचकीत पुस्तकात बाणच बाण. आणि बारक्या पुस्तकाचा मागचा निम्मा भाग याच्यावरच. वर माझ्याच अक्षरात 'कारकुनी'.

सोमवारी साहेबांना सांगितलं की निवड चुकली, दोन आठवडे पाण्यात गेले आणि चूक माझी. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं फक्त.

उरलेल्या दिवसांत बारक्या पुस्तकाप्रमाणे काम केलं. ब्लॉक लहान केला, सहा गोष्टी भरायच्या. त्याचा मालक एकच, विलास. कोणाला बदल हवा तर त्याच्याकडे जायचं, त्यानं बदलला की सगळ्यांचा बदलणार. काकांकडून बारा बिल्ले मागून आणले आणि आमच्या भिंतीवर फळी लावली. एक मशीन, एक बिल्ला, आणि त्यावर कितवी आवृत्ती बसली आहे त्याची चिठ्ठी. सोबत एक रजिस्टर केलं: जुनी प्रत कोणी काढली, कधी, कशासाठी.

रजिस्टर मी स्वतः भरत होते. प्रत्येक प्रोग्रॅमच्या वरच्या ओळीत करणाऱ्याचं नाव असतं. बाराव्या मशीनचा प्रोग्रॅम उघडला. फाइलचं नाव 'टेम्प-टू', म्हणजे तात्पुरतं. वरच्या ओळीत करणाऱ्याचं नाव माझं.

मग आठवलं. दिवाळीच्या तोंडावर मशीन पाठवायची होती, ट्रक दारात उभा होता, कंपनीत प्रोग्रॅमर कोणी नव्हतं. मी घाईनं कॉपी मारली, सुचेल ते नाव दिलं आणि घरी गेले. नंतर नीट करू म्हटलं होतं. ज्या प्रतीपायी विलासची नोकरी जाणार होती, ती मी काढलेली होती. आणि महिनाभर मी पद्धतीवर भाषणं देत फिरत होते. लाज वाटली. अजून वाटते.

विलासला बोलावून स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, "माहीत आहे मॅडम. तक्रार आल्यावर दुरुस्तीला फाइल उघडली तेव्हाच बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही माझ्यासाठी भांडत होता. आणि पुस्तकं शोधत होता. म्हटलं, शोधता शोधता सापडेल त्यांना."

तशीच उठून मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "असं करा मॅडम, रिपोर्टमध्ये नाव नको. 'पद्धतीतील त्रुटी' लिहा."

बघा आता. विलासचं होतं तेव्हा माणसाची चूक. माझं निघालं तशी पद्धतीची झाली. मी म्हटलं, कस्टमरनं नाव मागितलंय, नाव जाईल. साहेबांनी दोनदा समजावलं, मग वैतागून म्हणाले, तुमची मर्जी. मी नाव लिहिलं आणि खाली पद्धतही लिहिली.

कस्टमरचा माणूस आला. रिपोर्ट वाचून त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. जाड पुस्तक टेबलावर मांडलं होतं, त्याला त्यानं हातही लावला नाही. फळीपाशी मात्र बराच वेळ उभा राहिला. बारावा बिल्ला बोटानं उचलून विचारलं, ही मशीन कितव्या आवृत्तीवर आहे? विलासनं चिठ्ठी वाचून सांगितलं. त्यानं आपल्या माणसाला फोन लावून मशीनवर बघायला सांगितलं. जुळलं. तक्रार बंद झाली. विलास आहे, ब्लॉकचा मालक आहे, आणि आता मी बदल मागितला तरी रजिस्टरमध्ये लिहायला लावतो.

माझ्या पगारवाढीच्या कागदावर त्या वर्षी एक ओळ जास्तीची आली, बाराव्या मशीनच्या चुकीची. ती वाचून मी घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

कुठलं पुस्तक घ्यावं असं अजूनही नवे लोक विचारतात. मी सांगते, पहिलं प्रकरण सगळेच चांगलं लिहितात. मागून उघडा, आणि मोडलं तर कोणाकडे न्यायचं ते लिहिलंय का बघा. आणि तो भाग कंटाळवाणा वाटला, तर आधी आपल्या जुन्या फाइली उघडून वरची ओळ वाचा.